फोयेकेचा वाटा

लागोसहून दोन तासांवर आमच्या गावात, इतोकूच्या उतारावर रस्ता वळतो आणि गटार वळत नाही, त्या कोपऱ्यावर मोजोयिन मावशीचं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची पडवी, पायाचं मशीन आणि एक बाक. बाकावर गिऱ्हाईक कमी आणि माझ्यासारखे रिकामटेकडे जास्त बसतात. माझं झेरॉक्सचं दुकान समोरच आहे, आणि वीज नसली की मी मावशीच्या बाकावरच सापडतो. वीज बहुधा नसतेच.

या गल्लीत सगळ्या बायांचे हात कोपरापर्यंत निळे असतात. नीळ रंगवणाऱ्यांची गल्ली आहे ही. मावशीचे हात तेवढे साध्या माणसासारखे, कारण ती या घरात सून म्हणून आली ती कात्री घेऊनच. आमच्याकडे नवऱ्याच्या घरचे लोक सुनेला जन्मभर 'नवरी' म्हणतात. मावशीला छप्पन्नावं लागलं, नवऱ्याला जाऊन दहा वर्षं होत आली, तरी तिची नणंद अशाबी आत्या रंगाच्या रांजणापाशी उभी राहून हाक मारते ती "अगं नवरी" अशीच. नवं गिऱ्हाईक मान वळवून नवरी शोधतं आणि त्याला चष्मा कपाळावर चढवलेली मावशी दिसते.

मावशीची नजर म्हणजे टेप. तुम्ही रस्त्यावर आकाराची भजी खात उभे असाल तर तुमची छाती आणि कंबर तिला कळलेली असते. पाद्रीबाबा ईस्टरपासून दोन इंच वाढलेत हे तिनं त्यांना चर्चच्या दारात सांगितलं होतं. त्यांनी उपवासाचं बोलणं काढलं, तर ती म्हणाली, उपवास चांगलाच आहे बाबा, पण शिवण काही खोटं बोलत नाही.

आता तिच्या हातून झालेली एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

घरात मोठं कार्य असलं की सगळं कुटुंब एकाच कापडाचे कपडे घालतं. ते कापड अंगावर असलं की माणूस घरचा. जो परगावी असेल, आजारी असेल, त्याच्या नावचा तुकडा बाजूला काढून ठेवतात. तो येवो न येवो, वाटा ठेवायचा. मावशीचा नवरा गेला तेव्हा तिची एकुलती एक मुलगी फोयेके इंग्लंडात होती. ती आली नाही. तिचे तिथे राहायचे कागद अर्धवट होते, देश सोडला असता तर परत घेतलं नसतं. हे आम्हाला पुढं कळलं. त्या दिवशी मावशीला एवढंच कळत होतं की बाप शवपेटीत आहे आणि पोरगी येत नाही. अशाबी आत्यानं वाटे करताना विचारलं, फोयेकेचा कुठं ठेवू? मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "तिचा ठेवू नका." आणि तिच्या नावचा तुकडा तिनं एका लांबच्या चुलतभावाला देऊन टाकला. एक्केचाळीस जणांचे कपडे तिनंच शिवले होते. त्या सगळ्यांचा फोटो कोणी तरी फोयेकेला पाठवला. तिनं त्यातली माणसं मोजली असणार. त्यानंतर दहा वर्षं तिचा फोन आला नाही.

यंदा बापाच्या दहाव्या वर्षाचं स्मरण शनिवारी ठरलं होतं. त्याच्या आधीच्या रविवारी, तिकडून आलेल्या एका शेजाऱ्यानं मावशीच्या मशीनवर एक पिशवी आणून ठेवली. पिशवीत पांढरं कापड आणि एक चिठ्ठी.

कापड रेशमाचं होतं, पण साड्या-लुगड्यांचं विणतात तसलं नव्हे. बनियनला असते तशी त्याची वीण होती, ओढलं की लांबायचं, सोडलं की परत यायचं. मावशीनं त्याची घडी उघडली आणि ते तिच्या मांडीवरून पाण्यासारखं खाली घसरलं. तिनं ते उचललं, गालाला लावलं, आणि कोणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. मी पाहिलं होतं, पण मी वर पत्रा बघत होतो असं दाखवलं.

चिठ्ठी मी वाचली. तिच्यात नमस्कार नव्हता. आमच्याकडे भांडायच्या आधीसुद्धा तुझं कसं चाललंय, तुझ्या कोंबड्यांचं कसं चाललंय, हे विचारतात. इथं 'आई' एवढा शब्दही नव्हता. लिहिलं होतं: 'माझ्या कातडीला दुसरं कापड चालत नाही, जखमा होतात. ही रेशमाची वीण चालते. याचा झगा शिवून आपल्या घरच्या निळ्या रंगात रंगवावा. बाबांच्या कबरीपाशी तो घालून उभी राहीन. शुक्रवारी येते.' आणि खाली मापं.

मापं वाचली तशी मावशी म्हणाली, पुन्हा वाच. मी वाचली. छाती तीस, कंबर तेवीस, दंड आठ.

"नीट बघून वाच, मास्तर." मी बारावी झालोय म्हणून ती मला मास्तर म्हणते.

मी म्हटलं, तिकडचा टेप वेगळा असेल मावशी, थंडीनं आखडला असेल. ती हसली नाही. तिनं स्वतःचा टेप घेतला, आठ इंचांवर अंगठा ठेवला आणि त्याचा गोल करून त्यातून बघत बसली. गेली तेव्हा दंड साडेबारा होता, ती म्हणाली. बाकीचं आजारपण तिला कोणी सांगावं लागलं नाही. फोयेकेला स्मरणाचा दिवस कोणी कळवला हेही तिनं विचारलं नाही. अशाबी आत्या त्या वेळी रांजण ढवळत होती आणि गरजेपेक्षा फारच जोरात ढवळत होती.

सोमवारी मावशीनं कापड कापलं. सुती कापड कात्रीखाली शहाण्यासारखं पडून राहतं. हे कापल्याबरोबर कडेनं सुरळी होऊन आत वळायला लागलं. साध्या सुईनं चार टाके घातले तर सुईनं विणीचा फास तोडला आणि तिथून शिडीसारखं घर सुटत खाली आलं. नशिबानं तो तुकडा कडेचा होता. मावशीनं सुई काढली, पायरीच्या दगडावर तिचं टोक घासून बोथट केलं, म्हणजे ती फास तोडणार नाही, बाजूला सारून आत जाईल. बाजारातला दोरा पॉलिस्टरचा, त्याला नीळ धरत नाही. शिवण पांढरीच राहिली असती. म्हणून अशाबी आत्याच्या ट्रंकेतून जुनं सुती रीळ निघालं. कापडाखाली पातळ कागद धरून, कापड किंचित ताणून, मावशी एकेक टाका घालत गेली. माझ्या दुकानातले झेरॉक्सचे वाया गेलेले कागद त्यात कामी आले. एका बाहीच्या शिवणीत कोणाचा तरी जन्माचा दाखला शिवला गेला आणि मग चिमट्यानं कण कण काढावा लागला.

धुऊन घेऊ या का आधी, असं मी एकदा विचारलं. कापडाच्या काठाला बारीक पट्टी होती, तिच्यावर धुण्याच्या सूचना होत्या. मी वाचून दाखवल्या: गार पाणी, कडक साबण वापरू नये. मावशी म्हणाली, साबण कोण वापरतंय?

हे वाक्य माझ्या कानात अजून आहे. कारण रांजणात साबणापेक्षा कडक सोडा असतो, हे मला सुचायला हवं होतं. आमच्या शाळेत रसायनाला प्रयोगशाळा होती, प्रयोगशाळेला कुलूप होतं, आणि किल्ली मुख्याध्यापकांबरोबर बदलून गेली होती. तरी पुस्तकात एक ओळ होतीच की लोकर आणि रेशीम ही जनावरापासून आलेली, ती दाहक सोड्यात विरघळतात. परीक्षेत तो प्रश्न मी सोडून दिला होता.

बुधवारी सकाळी झगा तयार झाला. पांढरा, साधा, गोल गळ्याचा, लांब बाह्यांचा. मावशीनं तो दांडीवर टांगला तर वाऱ्याशिवाय हलत होता. अशाबी आत्यानं हात पदराला पुसून मग त्याला हात लावला. चाळीस वर्षं तिचा हात रंगात बुडालाय, पण सगळा सुतात. आमच्या आजीच्या वेळी राखेचं पाणी गाळून, पाल्याची नीळ आंबवून रांजण लावायचे. आता कॉस्टिक सोडा टाकतात, हायड्रोची पूड टाकतात, अर्ध्या तासात रांजण तयार. आणि गल्लीतल्या कोणत्याही बाईला विचारा, रंग पक्का कशानं होतो? सोड्यानं. सोडा जास्त, रंग पक्का.

आत्यानं नेहमीचं माप टाकलं. मावशी म्हणाली, आणखी एक चमचा टाका. जखमांची कातडी आहे, रंग सुटला आणि जखमेत गेला तर? आत्या म्हणाली, पुरेसा आहे गं. मावशी ऐकेना. लेकीसाठी दहा वर्षांत तिला पहिल्यांदाच काही तरी जास्त टाकायला मिळत होतं. आत्यानं दोन चमचे टाकले.

झगा रांजणातून वर आला तेव्हा हिरवा होता. मग हवा लागली तसा निळा होत गेला, खांद्यापासून खाली, आणि असा निळा झाला की गल्लीतल्या बाया आपापले रांजण सोडून बघायला आल्या. सुताला हा रंग कधी आला नव्हता. हात लावला तर बुळबुळीत लागला. आत्या म्हणाली, रेशीम आहे, ओलं असतं असंच. मी तर चक्क टाळी वाजवली.

गुरुवारी सकाळी तो वाळला होता. मावशीनं दांडीवरून काढायला खांद्याला धरला आणि तिचा अंगठा आरपार गेला.

तिला आधी वाटलं शिवण उसवली. तिनं दुसरा खांदा धरला. तोही गेला. आवाजसुद्धा झाला नाही. तिनं झगा मांडीवर पसरला आणि जिथं बोट ठेवेल तिथं भोक पडत गेलं, जळक्या कागदासारखं. तिनं उरलेल्या पांढऱ्या चिंध्यांतलं एक ठिगळ घेऊन सुई घातली, तर सुईच्या भोवतीचं कापडच सुटून आलं. आत्यानं आंबवलेल्या मक्याचं आंबट पाणी आणलं, सोडा मरतो म्हणून. पण सोड्याला जे खायचं होतं ते तो खाऊन मोकळा झाला होता. त्या पाण्यात बाही टाकली ती वर आलीच नाही, नुसता गाळ आला.

मग मला ती पुस्तकातली ओळ आठवली, आणि मी ती सांगितली. का सांगितली देव जाणे. मी शिव्या खायला तयार होऊन बसलो होतो, पण मावशीनं दिल्या नाहीत. तेच वाईट झालं.

लागोसला असलं कापड मिळेल का, तिनं विचारलं. मी तिथल्या कापडबाजारातल्या माझ्या वर्गमित्राला फोन केला, रेशमाची वीण, बनियनसारखी, असं समजावून सांगितलं. त्यानं तासाभरानं फोटो पाठवला. फुटबॉल संघाचे बनियन होते, तीन रंगांत. मी दुसरीकडे फोन केला, तिसरीकडे केला. एकीनं विचारलं, रेशमाचा बनियन कोण शहाणा घालतो? मी फोन ठेवला आणि मावशीला नाही म्हणायलाही मला तोंड उघडावं लागलं नाही.

घरच्या कापडाचंही काही शिल्लक नव्हतं. यंदाचं कापड सुती, त्यावर आत्यानं कसाव्याच्या खळीनं पानं काढून रंगवलेलं. वाटे मोजून केलेले, फोयेकेचा त्यांत नव्हता. नवं करायचं तर आठ दिवस. आणि असतं तरी काय, फोयेकेच्या अंगाला ते सालपटासारखं घासलं असतं.

दुपारी मावशी जेवली नाही. कसाव्याच्या लाफूनचा गोळा ताटात सुकून गेला. ती म्हणाली, एकदा मी तिला कापड दिलं नाही, आणि एकदा तिनं दिलेलं मी जाळून टाकलं. आता ती काय समजेल, सांग मास्तर. मी म्हटलं, खरं काय ते सांगू. ती म्हणाली, खरं ऐकायला ती तीन हजार मैल येत नाहीये, बापाशेजारी उभी राहायला येतेय.

मग तिची नजर भिंतीकडे गेली. भिंतीवर खिळ्याला तिचा स्वतःचा शनिवारचा, घरच्या कापडाचा जोड टांगला होता, सगळ्यांचे शिवून झाल्यावर शेवटी शिवलेला. ती उठली, तो काढला, उलटा केला, आतून गळ्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग काखेतून. मग कंबरेवरून. मग बाकाखालची चिंध्यांची पिशवी ओढून पांढऱ्या रेशमाच्या चिंध्या मांडीवर ओतल्या. सगळ्यांत मोठी चिंधी दीड वितीची. तिनं ब्लेड घेतलं आणि स्वतःचा जोड उसवायला बसली.

टाके तुटायचा आवाज रंगाच्या अंगणात गेला असावा. अशाबी आत्या दारात आली.

"ते काय उसवतेस नवरी?"

"मापात आणतेय. बाहेरून सूत, आतून रेशीम."

आत्याला कळायला वेळ लागला नाही. तिनं एकदा जोड बघितला, एकदा चिंध्या. "आणि तू काय घालणार? माझा घे. मी म्हातारी, माझ्याकडे कोण बघतंय."

"तुम्ही त्यांच्या थोरल्या बहीण. तुम्ही कापडात नसलात तर कबरीपाशी प्रार्थनाच सुरू व्हायची नाही." मावशीनं ब्लेड थांबवलं नव्हतं. "आणि वाटा तुम्ही तोडला नव्हता ताई. मी तोडला होता."

आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मग खाली बसली आणि निळ्या हातांनी पांढऱ्या चिंध्या मोठ्या-छोट्या वेगळ्या करायला लागली. रंग लागेल, मावशी म्हणाली. चाळीस वर्षं झाली, आता नाही सुटत तो, आत्या म्हणाली.

चिंध्या पुरल्या नाहीत. गळा झाला, खांदे झाले, काखा झाल्या, कंबर आणि मनगटं झाली. सगळे सांधे मावशीनं सुताच्या बाजूला वळवले, म्हणजे अंगाकडे फक्त गुळगुळीत यावं. हातानं शिवलं, मशीन लावलंच नाही. शुक्रवारी सकाळी शेवटची चिंधी संपली तेव्हा पाठ रेशमावाचून राहिली होती. मावशीनं पाठीचं सूत पाण्यात भिजवून दगडावर घोळलं, वाळवलं, पुन्हा घोळलं, किती वेळा ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी ते स्वतःच्या गालावर घासून बघायची. तिचा गाल दुपारपर्यंत लाल झाला होता.

फोयेके चार वाजता आली. टॅक्सीतून उतरताना तिनं दाराला हात लावला नाही, ड्रायव्हरनं उघडायची वाट बघितली. हातात पांढरे मऊ मोजे. मापं खरी होती. मावशीनं तिला एकदा वरपासून खालपर्यंत नजरेनं मोजलं आणि मग खाली बघितलं. फोयेके आधी आत्यापुढे गुडघ्यावर बसली, मग आईपुढे, रीत म्हणून जेवढं बसायचं तेवढंच.

मावशीनं प्रस्तावना केली नाही. निळ्या झग्याचं जे उरलं होतं ते तिच्या मांडीवर ठेवलं. फोयेकेनं मोजा काढून त्याला बोट लावलं. बोटाला निळी भुकटी आली.

"सोडा?"

"सोडा. मीच जास्त घालायला लावला."

फोयेकेनं ती भुकटी पुसली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली की ठीक आहे, उद्या मी गाडीतच बसेन, लांबून दिसेल मला. ते ऐकून मला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. तेव्हा मावशीनं घरच्या कापडाची घडी तिच्यापुढे ठेवली आणि आतली पांढरी बाजू उलटून दाखवली.

फोयेकेनं घडीवर हात ठेवला. "म्हणजे या वेळी माझा वाटा ठेवला होता?"

आत्यानं तोंड उघडलं. मावशीनं तिच्याकडे असं बघितलं की ते मिटलं. ठेवला होता, मावशी म्हणाली.

शनिवारी आम्ही सगळे निळे होऊन दफनभूमीत गेलो. मलाही शेजारी म्हणून टोपीपुरतं कापड मिळालं होतं. मावशी मागून आली, ट्रंकेतलं जुनं तपकिरी लुगडं गुंडाळून. दोघीतिघी बाया एकमेकींकडे बघून हसल्या. एकजण म्हणाली, शिंपिणीलाच कापड पुरलं नाही वाटतं. दुसरी म्हणाली, दुसऱ्यांची मापं घेता घेता स्वतःचं विसरली. प्रार्थना झाली. फोयेके बापाच्या दगडाशेजारी ताठ उभी होती, जोड तिच्या मापाचा, एक सुरकुती नाही. पण मला तिची पाठ दिसत होती, आणि मला दिसत होती तशीच ती मावशीलाही दिसत होती. मावशीनं सगळी प्रार्थना त्या पाठीकडे बघतच केली.

मग फोटोवाल्यानं सगळ्यांना ओळीत उभं केलं. त्यानं कॅमेऱ्यातून बघितलं, मान बाहेर काढली आणि म्हणाला, त्या तपकिरी लुगड्यातल्या आजी, जरा बाजूला व्हा, घरच्यांचा फोटो आहे.

मावशी लगेच बाजूला झाली, जणू वाटच बघत होती. आत्या त्याच्यावर खेकसणार तेवढ्यात फोयेकेनं मान वळवली. तिनं तपकिरी लुगडं बघितलं. मग स्वतःची बाही बघितली, तिच्या मनगटापाशी आधीच्या, रुंद मापाच्या शिवणीच्या खुणा होत्या, उसवून आत घेतलेल्या. ती शिंप्याच्या घरची पोर. ती ओळ सोडून चालत आली.

"आई, तुझा वाटा कुठंय?"

मावशीचा हात वर आला, फोयेकेच्या पाठीपर्यंत गेला आणि कापडापासून बोटभर अंतरावर थांबला.

"टोचतंय का गं पाठीला?"

"टोचतंय," फोयेके म्हणाली. फोटोवाला हाका मारत होता. ती तिथंच उभी राहिली, तपकिरी लुगड्याशेजारी. "थोडंसंच."